तोरणमाळची मोजणी

शनिवार, १३ डिसेंबर २०२५, सकाळी ७

काल, शुक्रवार दिनांक १२ डिसेंबर, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या शहाद्याच्या शाळेची सहलीची बस तोरणमाळहून निघाली आणि तिसरीतली नमिरा वर गुंफेपाशी राहून गेली. वेळ मी स्वतः घड्याळात पाहून टिपली आहे. चौतीस वर्षं पोस्टात काढली. शिक्का मारण्याआधी वेळ बघायची सवय जात नाही.

काल घरी आल्यावर लिहायचं राहिलं. आता क्रमाने लिहिते, कारण शाळा सारवासारव करणार हे मला आत्ताच दिसतं आहे.

मी सहलीत का होते, तर शाळेत आठवड्यातून दोनदा मी मुलांकडून इंग्रजी कविता पाठ करून घेते. फुकट. तिसरी-चौथीच्या रंजिता मॅडम बाळंतपणाच्या रजेवर, आणि मुलींसोबत एखादी बाई हवीच. म्हणून मुख्याध्यापक हेमकांत सर माझ्या ओट्यावर येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही आलात की मला काळजी नाही." खरं निघालं ते. त्यांनी काळजी घेतलीच नाही.

सकाळी ७.०५ ला शाळेच्या फाटकात मी मुलांची उंचीप्रमाणे रांग लावली. नमिरा सगळ्यांत बुटकी, म्हणून पहिली. मोजायचं काम शाळेची मदतनीस कौसाबाई हिचं. शाळेत लागण्याआधी ती वीस वर्षं शहाद्याच्या बाजारात धान्य मापायची. तिने नमिराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "लाभ." धान्याच्या पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण शाळेच्या फाटकात? मी तिथल्या तिथे थांबवलं. "कौसाबाई, ही पोरं आहेत, ज्वारी नाही. लाभबीभ इथे नको. एकपासून म्हण."

"हा बाई," ती म्हणाली. पुढच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून "एक" म्हणाली आणि मग शहाण्यासारखी आकडे म्हणत शेवटपर्यंत गेली. शेवटी सगळ्यांत उंच सकलैन. "चाळीस." मी वहीत चाळीस लिहिलं.

हेमकांत सर बसच्या पायरीवरूनच म्हणाले, "यादीत एक्केचाळीस होते ना? असेल, कोणी आलं नसेल. थंडी आहे. बसा, बसा." कोण आलं नाही ते बघायला हजेरीपुस्तक हवं. ते कपाटात, आणि कपाटाची किल्ली सरांच्या घरी.

बसमध्ये शिस्तीचं मीच सांगितलं. खिडकीतून हात नाही. केळीची सालं पिशवीत. आणि ज्याची पाण्याची बाटली हरवेल तो सोमवारी माझ्या वर्गात पूर्ण तास उभा राहील. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला असंच वळण लावायच्या. आज सदुसष्टाव्या वर्षी माझी छत्री कुठे राहत नाही.

किल्ल्याच्या पडक्या तटावर मुलं चढली, उतरली. तलावाकाठी जेवण झालं. मग गुंफा. आत अंधार आणि वटवाघळांचा वास. मुलं ओरडून आपलाच आवाज ऐकत होती. साडेतीनला मी शिट्टी वाजवली. बसच्या दारात मी स्वतः उभी राहून मोजलं, एकपासून. चाळीस. सकाळशी जुळलं. बस सुटली.

घाट उतरून चहाच्या टपरीपाशी थांबलो तेव्हा ४.३५ झाले होते. कौसाबाई बसमधून एक जांभळी पिशवी घेऊन उतरली. "हाई थैली कोनी शे?"

सकलैन म्हणाला, "नमिरानी."

"नमिरा कोठे शे?"

एका मुलीने बसच्या मागे जाऊन पाहिलं. मी "नमिरा!" अशी हाक मारली आणि माझाच आवाज मला गुंफेतल्यासारखा परत ऐकू आला.

हेमकांत सर मोबाइल हवेत धरून रेंज शोधत फिरू लागले. "आधी वर कोणाला तरी फोन लागू दे." कौसाबाई तोपर्यंत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली होती. रामसिंग नावाच्या माणसाची वर जाणारी जीप तिने दोन्ही हात पसरून अडवली. सरांना मुलांपाशी ठेवून मी आणि ती निघालो. जीपमध्ये खताच्या गोण्या. वळणावळणाला ऊन आणखी वर डोंगराच्या टोकाकडे सरकत होतं. कौसाबाई एकच बोलत होती, "रामसिंग भाऊ, जोरमा. रामसिंग भाऊ, जोरमा." मी दरीकडे पाहिलं नाही.

५.२५ ला पोचलो. जीप थांबायच्या आत ती उतरली आणि चपला तिथेच टाकून पळाली. माझे गुडघे. मी तिच्या चपला हातात घेऊन मागून गेले. का घेतल्या, माहीत नाही.

नमिरा गुंफेच्या तोंडाशी दगडावर बसली होती. शेजारी लाकडांची मोळी टेकवून वरच्या पाड्यावरची दिवलीबाई. तिला मराठी जेमतेम. म्हणाली, "हलवली नाय. हलवली तर तुम्ही कुठं शोधाल?" पावणेदोन तास ती एका परक्या पोरीशेजारी बसून राहिली, मोळी घरी न नेता.

नमिरा रडत नव्हती. पाण्याची बाटली तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मी विचारलं, मागे का राहिलीस? ती म्हणाली, "बाटली आत राहिली होती. उभं राहायचं नव्हतं." भीतीने पोर काहीतरी बडबडत होती.

कौसाबाईने तिला कडेवर घेतलं ते शहाद्याला शाळेच्या फाटकात तिची आजी हाजराबी हिच्याकडे देईपर्यंत खाली ठेवलं नाही.

हे मी सोडणार नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

सकाळी नमिराचे आजोबा नासिरभाई यांच्या दुकानी गेले. पत्र्याच्या पेट्या बनवतात. मी अर्जाचा विषय काढल्यावर त्यांनी हातोडी खाली ठेवली. "बाई, पोरगी घरी आली. बस्स. अर्ज नका देऊ. गावात आधीच चारजण चार गोष्टी बोलू राहिले. मला त्यात पडायचं नाही."

"नासिरभाई, तुमच्यासारखे गप्प बसतात म्हणून यांचं फावतं."

ते पुन्हा पत्रा ठोकू लागले. ठोकण्याचा आवाज जरा जास्तच मोठा होता.

अर्ज दिला. तीन प्रती, माझ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि वेळ घेतली: ११.२०. मागणी एकच, सकाळची मोजणी कशी चुकली याची जबाबदारी निश्चित करावी आणि दोषीवर कारवाई व्हावी. माझा रोख हेमकांत सरांवर आहे. वाचणाऱ्याला ते कळेल.

गुरुवार, १८ डिसेंबर

चौकशी झाली. शाळा चालवणाऱ्या मंडळाचे सचिव नवनीतभाई टेबलाच्या मधोमध, बाजूला दोन सभासद, त्यांतल्या एकाला झोप येत होती. हेमकांत सरांनी आपला जबाब टाइप करून आणला होता. कौसाबाईला पटापट लिहिता येत नाही, म्हणून नवनीतभाई मला म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं. ती सांगेल ते तुम्ही घ्या."

ती उभीच होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मी त्या पहिली पोरले लाभ म्हनं. मंग बाई बोलन्यात, एकपाइन म्हन. मंग मी..."

"मुद्द्याचं बोल," नवनीतभाई म्हणाले. "मोजलं कोणी?"

"मीच मोजं."

"बरोबर मोजलं का चूक?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पेन धरून वाट बघत होते.

"चूक," ती म्हणाली.

मी लिहिलं: "सकाळची मोजणी मी केली. ती चुकली." लाभाचं घेतलं नाही. चौकशीच्या कागदावर असल्या समजुती शोभत नाहीत, आणि तिचंच हसं झालं असतं. तिने खाली सही केली. एकेक अक्षर हरभऱ्याएवढं.

शनिवार, २० डिसेंबर

निकाल. हेमकांत सरांना "समज". कौसाबाईला कालपासून कामावरून थांबवलं. शनिवार १० जानेवारीच्या सभेत तिला कायमचं काढण्याचा ठराव. निवृत्तीला पावणेदोन वर्षं उरली होती तिची.

मी बोट दाखवलं कोणाकडे आणि यांनी उचललं कोणाला! नवनीतभाईंना रस्त्यात गाठून तसं सुनावलं. ते म्हणाले, "बाई, तुमच्याच हस्ताक्षरात आहे जबाब."

तेही खरं. चूक तिने सहीनिशी कबूल केली आहे. मी काय करू?

बुधवार, २४ डिसेंबर

नमिरा शाळेत येते, पण पाण्याची बाटली आणत नाही. विचारलं तर म्हणाली, "आणलीच नाही तर हरवणार नाही." चलाख आहे. कविता मात्र म्हटली नाही. तोंड मिटून उभी राहिली.

सोमवार, २९ डिसेंबर

दुपारी हाजराबी दारात. आत ये म्हटलं तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"बाई, तुम पढेलिखे लोग हो, मेरेको एक बात समझाव. जो औरत मेरी नमिराको कमरपे लेके आई, नंगे पाव, उसीको निकाला?"

"हाजराबी, मोजणी तिची चुकली. मुलीचा जीव जाता."

"और जो बसके दरवाजेमें खडे होके गिने, वो?"

"मी चाळीस मोजले. सकाळचा आकडा चाळीस होता. माझी मोजणी बरोबरच होती."

"हां," ती म्हणाली. "तुम्हारा तो सब बराबरच रहता." आणि गेली. तिच्यासाठी टाकलेला चहा मी दोन्ही कप प्यायले.

असं तोंडावर मला कोणी बोललं नव्हतं. उत्तरं नंतर सुचली, चार-पाच.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

बाजरी आणायला प्रेमचंद शेठच्या दुकानी गेले. दारात टेम्पो लागलेला, हमाल गोण्या चढवत होते आणि मोजायला कौसाबाई. काम सुटल्यावर जुन्या धंद्यावर परत आली आहे. मला पाहून तिने पदर सारखा केला. मीही नुसती मान हलवली आणि बाजरी चाळून बघत बसले.

पहिली गोणी गेली. तिने तिच्यावर हात ठेवला. "लाभ."

दुसरी गोणी आली. "दोन."

"तीन. चार. पाच."

माझ्या हातातली बाजरी परत पोत्यात पडली. शेठ विचारत होते, "बाई, किती देऊ?" मी त्यांनाच विचारलं, "शेठ, लाभानंतर दोन म्हणतात?"

"मग काय एक म्हणणार? लाभ म्हणजेच एक. पहिली गोणी फुकट सोडली तर माझं दिवाळं निघेल!" हमाल हसले. कौसाबाई हसली नाही. ती सहावर होती, सात म्हणाली.

बाजरी न घेता घरी आले. ही वही उघडली. १३ डिसेंबरचं पान. माझ्याच अक्षरात आहे. "पुढच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून एक म्हणाली." पुढच्या. पहिल्या पोरीला तिने आधीच मोजलं होतं. मी ते मोजणं पुसलं आणि तिला पुन्हा मागे जायला सांगितलं नाही. नमिरापासून सुरू केलं असतं तर सकलैन एक्केचाळीस आला असता, आणि दुपारी दारात मी चाळीसवर थांबले नसते.

यादीतही एक्केचाळीसच होते.

रविवार, ४ जानेवारी

सकाळपासून मी स्वतःची बाजू मांडते आहे. हजेरीपुस्तक सरांनी आणायला हवं होतं. बरोबर. कौसाबाईने मला अडवायला हवं होतं. बरोबर. बसमध्ये मुलांनी सांगायला हवं होतं. प्रत्येक वेळी बरोबर म्हणते आणि प्रत्येक वेळी जबाबाचा कागद डोळ्यांसमोर येतो. लाभ हा एकच शब्द त्यात असता तर कोणाही शहाण्याने विचारलं असतं, मग पुढे काय म्हणालीस?

चारच्या सुमारास तिच्या घरी गेले. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला खाट दिली, स्वतः खालीच बसली.

"कौसाबाई, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"मन्हा मनमा लाभ धरीसन एक्केचाळीस व्हतं. पन तुम्हनी वहीमा चाळीस लिखाई गयं. सर म्हनेत, बसा, बसा. मंग मले वाटनं, मन्हंच काहीतरी चुकनं हुई."

"मग चौकशीत का नाही बोललात?"

तिने शेंग सोलता सोलता वर पाहिलं. राग नव्हता, त्याचंच मला भय वाटलं.

"बोलनू ना बाई. तुम्हीच तं लिखी ऱ्हायंतात."

पुढची शेंग सोलत तीच म्हणाली, "लाभनी पोर बी पोरच शे ना." आणि मूठभर दाणे माझ्या ओंजळीत टाकले. "खा. कवळा शेत."

कोवळेच होते. खाल्ले. दुसरं काय करणार होते?

सोमवार, ५ जानेवारी

नवनीतभाईंना सगळं सांगितलं, वही पुढे ठेवली. त्यांनी पान वाचलं, परत पहिल्या ओळीवर गेले, मग चष्मा काढला. मला वाटलं, झालं.

"बाई, फाइल बंद व्हायला आली. आता हे कशाला? तुमचं नाव यायला नको, शाळेचं यायला नको. कौसाबाईला काम मिळालंच आहे ना प्रेमचंदकडे? गरीब माणूस, तिला काय, इथे नाही तर तिथे. तुमची एवढ्या वर्षांची इज्जत आहे."

"आणि तिची?"

"तुम्हीच तर कारवाई मागितली होती!"

"हो. दोषीवर."

ते हसले. "घरी जा. आराम करा. सहलीचा थकवा अजून गेला नाही तुमचा."

मी वही उचलली. आयुष्यात मला कोणी खोटं बोलणारी म्हटलं तर सहन केलं नसतं. खरं बोलून दमलेली बाई म्हणून घरी पाठवण्याची ही पहिलीच वेळ.

दाराबाहेर हेमकांत सर उभे होते. आत काय बोलणं झालं ते त्यांनी ऐकलं असणार, कारण माझ्याकडे न बघता त्यांनी हातातल्या किल्ल्यांचा जुडगा मोजल्यासारखा केला.

मंगळवार, ६ जानेवारी

आज दुपारी १२.१० ला पत्र टाकलं. रजिस्टर आता स्पीड पोस्टात मिसळून टाकलं आहे, तरी पोच मागता येते, मी मागितली. काउंटरवरच्या चेतनाला मीच कामाला लावलं होतं. तिने पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का नीट, सरळ मारला. मजकूर इथे उतरवून ठेवते.

"प्रति, सचिव, शाळा व्यवस्थापन मंडळ.

विषय: १२ डिसेंबर २०२५ च्या सहलीतील चूक माझी असल्याबाबत.

त्या दिवशी सकाळी ७.०५ वाजता श्रीमती कौसाबाई यांनी मुलं मोजायला सुरुवात केली. त्यांची सुरुवात बरोबर होती. पहिली मुलगी नमिरा मोजून झाल्यावर मी त्यांना थांबवलं, पद्धत बदलायला लावली आणि पहिलीपासून पुन्हा मोजायला सांगितलं नाही. सहलीला एक्केचाळीस मुलं गेली. मी वहीत चाळीस लिहिलं. यादीतला एकाचा फरक मुख्याध्यापकांनी माझ्यासमोर सोडून दिला आणि मीही सोडून दिला. दुपारी ३.४० ला बस निघाली ती माझ्या चुकीच्या आकड्यावर.

१८ डिसेंबरच्या चौकशीत श्रीमती कौसाबाई यांनी हेच सांगायला सुरुवात केली होती. त्यांचा जबाब मी लिहिला. तो अर्धवट आहे आणि अर्धवट मी ठेवला आहे. त्या जबाबावर झालेली कारवाई टिकू शकत नाही.

नमिरा गुंफेत परत का गेली, हे चौकशीत कोणीही विचारलं नाही. मी त्याच दिवशी विचारलं होतं, तिने सांगितलंही होतं. ती पाण्याची बाटली आणायला गेली, कारण बाटली हरवणाऱ्याला पूर्ण तास उभं करीन असं मी बसमध्ये बजावलं होतं. हेही नोंदवावं.

माझा १५ डिसेंबरचा अर्ज मी मागे घेत नाही. त्यात दोषीवर कारवाई मागितली आहे. दोषीच्या जागी माझं नाव घालावं. इंग्रजीचा तास आजपासून बंद समजावा. मुलांना माझ्याऐवजी कोण शिकवणार ते मंडळाने बघावं.

श्रीमती कौसाबाई यांना मागील पगारासह कामावर परत घेतल्याचं आणि त्यांचा पूर्ण जबाब त्यांच्याच शब्दांत, लाभ या शब्दासह, पुन्हा घेतल्याचं लेखी कळवावं. तोंडी निरोप, फोन किंवा घरी येऊन समजूत घालणं चालणार नाही.

उत्तर आलं नाही तर शनिवारी १० तारखेला सभा सुरू होताना मी सभागृहाच्या दारात उभी राहीन. पूर्ण तास. बाटली हरवणाऱ्याला मी तेवढीच शिक्षा सांगितली होती.

लेखी उत्तर शुक्रवार, दिनांक ९ जानेवारी २०२६, सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हातात मिळावं."